कूस बदलण्याचा तक्ता

१

कात्रजच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आता वेळ सांगायची ती कुशीवरून. रंगनाथ उजव्या कुशीवर असले की सकाळचे आठ, पाठीवर असले की दहा, डाव्या कुशीवर गेले की बारा आणि कुकर लावायची वेळ. छत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेला माणूस स्वतःच घड्याळाचा काटा झाला होता. पूर्वीचे रंगनाथ असते तर या विनोदावर हसलेही असते, आणि वर तो तासाला वापरलाही असता.

फेब्रुवारीत त्यांच्या मेंदूत गुठळी अडकली, उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, चैतालीला, सांगितलं की इथे ठेवून करण्यासारखं आता फार काही नाही, घरी करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. चैतालीने मान डोलावली. सेहेचाळीस वर्षांची, एका कॉलेजच्या परीक्षा विभागात नोकरी, घरात ती आणि बाबा दोघंच. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती बहुतेक गोष्टींना मानच डोलावत आली होती. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. दातात भूल दिल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं काहीसं.

घरी सेवा पुरवणाऱ्या एका संस्थेला तिने फोन केला. त्यांनी आधी एक नर्स पाठवली, घर आणि पेशंट बघून घ्यायला. अपूर्वा तिचं नाव, मूळची यवतमाळची, पाठीवर सॅक आणि हातात टॅब.

"पेशंट स्वतःहून कूस बदलतात?"

"नाही."

"डावा हात चालतो?"

"चालतो. पकडतात, ओढतात."

"बोलतात काही?"

"एकच," चैताली म्हणाली. "'राहू दे' म्हणतात. पाणी हवं असलं तरी तेच, नको असलं तरी तेच."

"होतं तसं. एखादाच शब्द शिल्लक राहतो, मॅडम. का तोच, ते कोणी सांगू शकत नाही." अपूर्वाने टॅबवर बोट टेकवलं. "घरात याआधी कोणी बेडरिडन होतं?"

"आई. खुब्याचं हाड मोडलं होतं. अकरा आठवडे."

"तेव्हा मदतीला कोण यायचं?"

"कोणी नाही. बाबांनी आणि मीच केलं सगळं."

"ग्रेट," असं म्हणून अपूर्वाने पुढचा प्रश्न काढला.

२

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेतल्या एका दुकानातून लोखंडी पलंग भाड्याने आला, त्याच्यावर घालायची हवेची गादी आली, आणि गादीला हवा पुरवणारा डब्याएवढा पंप आला. पंप पलंगाच्या पायथ्याशी टांगायचा. तो सतत हलकासा घूं करत राहायचा. गादीच्या निम्म्या नळ्या फुगायच्या, निम्म्या बसायच्या, मग उलट. पंपावर एक गोल बटण होतं आणि त्याच्याभोवती चाळीसपासून एकशेचाळीसपर्यंत आकडे. पेशंटचं वजन असेल त्या आकड्यावर बटण ठेवायचं. रंगनाथ बावन्न किलोंवर आले होते.

अपूर्वाने चैतालीला समोर उभं करून शिकवलं.

"दर दोन तासांनी कूस बदलायची. दुखतंय म्हणून सोडायचं नाही. कूस बदलली की आधी पाठ बघायची, मग उशी लावायची. माकडहाड, खुबे, टाचा. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं. पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक. दाबूनही लालच राहिलं तर समजायचं, जखम आतून सुरू झाली."

"किती वेळात होते?"

"सुरुवात दोन-चार तासांतसुद्धा. मग आठवड्याभरात हाडापर्यंत." तिने हे रस्ता सांगावा तसं सांगितलं. "आणि रोज हात घालून बघायचं. असं." तिने तळहात वर करून गादीच्या खाली, रंगनाथांच्या कमरेखाली सरकवला. "माणूस आणि तुमचा हात, यांच्यामध्ये इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाताला थेट हाड लागलं म्हणजे गादी बसली."

चैतालीने हात घातला. हवा लागली, मऊ, हलती. सगळं किती सोपं होतं. एका मुलीने वीस मिनिटांत शिकवलं होतं. चार वर्षांपूर्वी हे सांगायला कोणी आलं नव्हतं, कारण कोणाला बोलावलंच नव्हतं. त्या विचाराशी ती थांबली आणि काहीतरी वाटायची वाट बघत राहिली. काही वाटलं नाही. फक्त तिने मनाशी एक गोष्ट पक्की केली, की बाबांच्या पाठीवर जखम होऊ द्यायची नाही. बाकी जे व्हायचं ते होवो.

निघताना अपूर्वाने एक छापील तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवला. डाव्या बाजूला तारखा, वर दर दोन तासांची वेळ. कूस बदलली की चौकोनात बरोबरची खूण करायची.

३

कांताबाई आल्या त्या एका पिशवीनिशी. पन्नाशीच्या पुढच्या, बुटक्या, घाटाच्या पायथ्याशी गाव. चोवीस तास राहणार होत्या, रंगनाथांच्याच खोलीत जमिनीवर झोपणार होत्या. पहिला महिना सुट्टी न घेता काढायचा आणि मग रविवारची सुट्टी, असं ठरलं. नवऱ्यापासून सासूपर्यंत, आणि मग संस्थेतर्फे परक्या पंधरा-वीस माणसांपर्यंत, त्यांनी सगळ्यांचं केलं होतं.

"म्हातारा गुणाचा हाय," पहिल्या संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. "शिव्या देत न्हाई."

"देता येत नाहीत त्यांना," चैताली म्हणाली.

"डोळ्यांनी देत्यात की, ताई. काही काही लई देत्यात."

तिसऱ्या दिवशी कांताबाईंनी पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतला. भिंत रंगनाथांच्या उजव्या हाताला होती.

"तिकडनं बी जाता यायला पायजे," त्या म्हणाल्या.

चादर खोचायला सोपं जात असेल, असं चैतालीने धरलं. कॉलेजमधून ती महिनाभर रजेवर होती, तरी खोलीत ती फार थांबायची नाही. कांताबाई होत्या, आणि कांताबाईंना सगळं येत होतं. दिवसातून दोनदा ती तक्ता बघायची. एकही चौकोन रिकामा नसायचा. पहिले दोन दिवस प्रत्येक चौकोनात एक खूण होती. तिसऱ्या दिवसापासून दोन दोन होत्या, शेजारी शेजारी.

फोनवर निरोप पोचला की दोन खुणा येतात, तसंच काही असेल. एक केल्याची, एक तपासल्याची. परीक्षा विभागात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला दुहेरी तपासणीचं कौतुकच वाटलं.

४

पहिल्यांदा बिघडलं ते पंपाचं. दुसऱ्या आठवड्यात चैतालीने नेहमीसारखा गादीखाली हात घातला तर हवा लागेना. पंप चालू होता, नळ्या जोडलेल्या होत्या, बटण पन्नासच्या जरा पुढे होतं. दुकानात फोन केल्यावर शंभू नावाचा माणूस आला. त्याने पंप उघडला, फुंकला, कानाला लावला.

"पंप एकदम ओके आहे, मॅडम. वजन जास्त पडतंय."

"बावन्न किलो."

"बावन्नला एवढी बसत नाही गादी." त्याने बटण फिरवायला घेतलं. साठ, सत्तर, ऐंशी. शंभरला आल्यावर गादीने अंग धरलं. "शंभर. रात्री शेजारी कोणी झोपतं का? बरेच लोक झोपतात, काळजीपोटी. पण ही गादी एका माणसाची आहे."

चैतालीने कांताबाईंकडे पाहिलं. कांताबाई टॉवेलची घडी घालत होत्या.

"मी खाली झोपते," त्या म्हणाल्या. खोटं बोलणाऱ्या बाईसारख्या त्या दिसत नव्हत्या.

"मग मीटर खराब असेल," शंभू म्हणाला. "जुनं मशीन आहे. शंभरवर ठेवा, चालेल." एवढं सांगून तो चहा न घेता गेला. मीटर खराब असणं ही काही पुण्यात जगावेगळी गोष्ट नव्हे, हे चैतालीलाही पटलं.

५

मग तिच्या लक्षात आलं की बाबा कडेला झोपतात.

मधोमध ठेवलेला माणूस दोन तासांनी दाराकडच्या कठड्याला टेकलेला असायचा. उजवं अंग तर लाकूड झालेलं. पण डावा हात चालत होता आणि डाव्या बाजूलाच कठडा होता. कठडा पकडून ते स्वतःला ओढत असणार. चैताली एका दुपारी खुर्ची टाकून बसली, बघायलाच. रंगनाथ पाठीवर होते. डावा हात पोटावर, बोटं सैल. पंप घूं करत होता. वर कोणीतरी मिक्सर चालवत होतं. तिने पाच मिनिटं मोबाइल पाहिला आणि मान वर केली तेव्हा ते कडेला होते, हात पोटावर तसाच.

"बाबा, तिकडे का सरकता? पडाल ना."

"राहू दे," रंगनाथ म्हणाले.

भिंतीकडची दीड फूट जागा रिकामी होती. चादर तिथे ताणलेली असायला हवी होती, ती खोलगट दिसत होती. चैताली बराच वेळ त्या खोलगट जागेकडे बघत राहिली. हवेची गादी आहे, नळ्या बसतात, उठतात. तिने हे दोनदा मनाशी म्हटलं आणि मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भाजी निवडायला बसली. हात भाजी निवडत होते. मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

आणखी एक गोष्ट तिच्या तेव्हाच लक्षात आली, पण ती तिने भाजीबरोबर बाजूला ठेवली. रंगनाथांना उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून घेतलं की ते डोळे घट्ट मिटत. पुढचे दोन तास उघडत नसत.

६

चौथ्या आठवड्यात, बुधवारी, चादर बदलताना तिला डाग दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा, कडेला पिवळसर, मध्ये तांबूस, ओलसर.

तिने कांताबाईंच्या मदतीने रंगनाथांना वळवलं आणि पाठ इंच इंच पाहिली. पाठ स्वच्छ होती. खुबे, टाचा, कोपरं, कान. कुठेही काही नव्हतं. मग तिने पुन्हा डागाकडे पाहिलं. तो दाराकडच्या बाजूला नव्हताच. तो भिंतीकडच्या रिकाम्या जागेत होता.

तिने चादर नाकाशी नेली. न्यायला नको होती.

तो वास तिला माहीत होता. चार वर्षांपूर्वी याच खोलीत तो शेवटचे तीन आठवडे होता. खोली कोंदट होते म्हणून ते दोघं उदबत्ती लावायचे. कुसुम, तिची आई, कापसाच्या गादीवर भिंतीकडच्या बाजूला पडून असायची, पाठीवर, कारण हलवलं की ती कळवळायची. म्हणून त्यांनी तिला हलवलं नाही. तिला वेळेवर जेवण भरवलं, तोंड पुसलं, केस विंचरले, पावडर लावली. चैतालीने दोनदा म्हटलं होतं, बाबा, एखादी बाई ठेवूया का, जिला यातलं कळतं अशी. दोन्ही वेळा रंगनाथ म्हणाले होते, "राहू दे. परक्या हातात कशाला द्यायचं तिला? आपल्याला जमतंय." आणि चैतालीने मान डोलावली होती. तापाने फणफणल्यावर दवाखान्यात नेलं, तिथे नर्सने आईला कुशीवर केलं आणि म्हणाली, घरच्यांनी जरा बाहेर थांबा. चैताली थांबली. आईची पाठ तिने पाहिली नाही. तेव्हाही नाही आणि ती गेल्यावर अंघोळ घालतानाही नाही. ती नळाकडे तोंड करून उभी होती.

तिने चादर धुवायला टाकली. गुरुवारी नव्या चादरीवर, त्याच जागी, पुन्हा डाग होता.

७

शनिवारी सकाळी कांताबाईंनी आणि तिने मिळून रंगनाथांना खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसवलं. खिडकीतून टेकडी दिसायची, आणि तिच्या अंगावर चढत आलेल्या इमारती. कांताबाई पाणी तापवायला गेल्या. पलंग रिकामा झाला.

दाराकडच्या बाजूच्या नळ्या हळूहळू वर आल्या. भिंतीकडच्या आल्या नाहीत. चैतालीने पाच मिनिटं वाट पाहिली, मोबाइलवर वेळ लावून, अगदी शास्त्रशुद्ध. मग तळहात वर करून तिने गादीखाली, त्या खोलगट जागेखाली, हात सरकवला. इंचभर हवा लागली. त्याच्या वर काहीतरी टेकलेलं होतं. अरुंद, कडक. खुब्याच्या हाडाला जसा फुगवटा असतो, तसा.

तिने हात हळूच काढून घेतला, झोपलेल्याला जाग येऊ नये असा.

कांताबाई बादली घेऊन आल्या आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून दारातच थांबल्या.

"कळलं व्हय तुमाला," त्या म्हणाल्या.

"काय कळलं?"

"मला वाटलं म्हाईत असंल. म्हनून बोलले न्हाई." त्यांनी बादली खाली ठेवली. "मी तिसऱ्या दिवसापास्नं दोघांना फिरवती."

तक्त्यावरच्या दोन दोन खुणा कपाटाच्या दारावरून ओळीने खाली आल्या होत्या. चैताली त्या बघत राहिली.

"कोण आहे?" तिने विचारलं. आवाज तिचाच होता, कोरडा.

"ते मला काय म्हाईत? मी तोंड बघत न्हाई. हाताला लागतंय तेवढं करती." कांताबाईंना या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "पलंगावर हाय म्हटल्यावर पेशंटच की, ताई. पेशंटला फिरवायचं."

"भीती नाही वाटत?"

"पयल्या दिशी वाटली. मग बघितलं तर कळा काढतंय. कळा काढणाऱ्याला काय भ्यायचं?" त्या पंचा पिळायला लागल्या. मग, मान वर न करता, "उद्याची माझी सुट्टी हाय. येळा चुकवू नका. दोघांच्या."

८

रविवारी आठची कूस बदलून कांताबाई गेल्या. घर एकदम मोठं झालं.

दहाला चैतालीने रंगनाथांना पाठीवर घेतलं, पाठ पाहिली, उशा लावल्या. चौकोनात एक खूण केली. भिंतीकडे तिने पाहिलं नाही. रात्रभर जागून तिने ठरवून टाकलं होतं. ती शिकलेली बाई होती. मशीन जुनं होतं, कांताबाईंचं वय झालं होतं, आणि तिची स्वतःची झोप महिनाभर धड नव्हती. सोमवारी कामावर रुजू व्हायचं होतं. बाराला तिने रंगनाथांना डाव्या कुशीवर घेतलं. पुन्हा एक खूण. खोलीत वास होता. तिने उदबत्ती शोधली, काडी ओढली, आणि ती पेटलेली काडी बोटाला चटका बसेपर्यंत धरून उभी राहिली. मग उदबत्ती न लावताच परत ठेवली.

दोनला तिने त्यांना उजव्या कुशीवर वळवलं, तोंड भिंतीकडे, आणि पाठ पाहिली.

माकडहाडावर लाल होतं. तळहाताच्या खळग्याएवढं. तिने बोट दाबलं, उचललं. लालच होतं. पुन्हा दाबलं, मनात दहा मोजले, उचललं. लालच.

असं होणं शक्य नव्हतं. गेले दोन तास ते कुशीवर होते, माकडहाडावर भारच नव्हता. सगळ्या वेळा पाळल्या होत्या, मिनिटाचीही चूक नव्हती. तिने कपाटाकडे पाहिलं. दोन दोन खुणांच्या रांगेत आजच्या दोन चौकोनांत एकेकच खूण होती, अर्धी रिकामी जागा ठेवून.

तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. चार वर्षांत वाटलेली पहिलीच गोष्ट. बाबांच्या पाठीवर जखम होऊ द्यायची नाही, एवढंच तिने ठरवलं होतं, आणि ती होत होती.

ती पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली. कांताबाईंनी ठेवलेली ती हातभर फट, तिच्यात ती आडवी शिरली. भिंत पाठीला गार लागली. अपूर्वाने शिकवलं होतं, एक हात खांद्याला, एक खुब्याला, आणि आपल्याकडे ओढायचं. तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात खाली नेले. ते रिकाम्या चादरीवर टेकतील असं तिला अजूनही वाटत होतं. ते चादरीपर्यंत पोचले नाहीत.

"राहू दे," रंगनाथ म्हणाले.

तिने डोळे उघडले. त्यांनी डोळे उघडले होते. उजव्या कुशीवर असताना, भिंतीकडे तोंड असताना, सताड उघडे. ते तिच्याकडे बघत नव्हते. ते त्यांच्या आणि तिच्या मध्ये जे होतं त्याकडे बघत होते.

"राहू दे," ते पुन्हा म्हणाले. आवाज रडवेला होता. त्यांचा अर्थ काय होता ते कळायला मार्ग नव्हता. पण मागच्या वेळी तिने ऐकलं होतं.

"नाही बाबा," चैताली म्हणाली. आणि खाली बघून, अगदी हळू, "आई, वळवते हं. जरा दुखेल."

तिने ओढलं. वजन आलं. फार नाही, आईला कधी एवढी हलकी पाहिली नव्हती. ते तिच्या पोटाशी येऊन टेकलं आणि त्याच्यातून श्वास सुटल्यासारखा आवाज आला, किंवा तो पंपाचा असेल. खाली दबलेल्या नळ्या एकेक करून फुगल्या. तिने उशी लावली. मग तिच्या लक्षात आलं की उशीच्या आधी पाठ बघायची असते.

ती परत वळसा घालून दाराकडे आली. रंगनाथांच्या खांद्यावरून तिने पलीकडे पाहिलं. पापणी लवायच्या आत जेवढं दिसेल तेवढंच दिसलं. दोरीने मागे बांधलेला सुती गाऊन उघडा पडलेला, मणके, आणि कमरेच्या खाली वाटी बसेल एवढी जागा, आणि त्या जागेच्या तळाशी पांढरं. नंतर चादर होती. चादरीवर डाग होता.

रंगनाथांच्या डाव्या डोळ्यातून नाकावरून उतरून उजव्या डोळ्यात पाणी जात होतं. तेही बघत होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

चैतालीने दोनच्या चौकोनात दोन खुणा केल्या. चारला दोघांना वळवलं. सहाला दोघांना वळवलं. सहाला तिने बाबांच्या माकडहाडावर बोट दाबलं, आणि उचलल्यावर तिथे पांढरा ठसा उमटला आणि हळूहळू लाल झाला. ती खुर्चीत बसली आणि रडली, मोठ्याने, नाक गळेपर्यंत. सात वाजता कांताबाई आल्या, त्यांनी आधी तक्ता पाहिला, दहा आणि बाराचे चौकोन पाहिले, आणि चहा टाकला.

९

रंगनाथ दिवाळीनंतर गेले, झोपेत, दुसरा झटका येऊन. दाखला द्यायला आलेल्या डॉक्टरांनी त्यांना वळवून पाहिलं आणि चैतालीला म्हणाले, "एवढे महिने अंथरुणात, आणि अंगावर ओरखडा नाही. फार छान सेवा केलीत हो तुम्ही." अपूर्वानेही फोन करून तेच सांगितलं आणि विचारलं की त्यांच्या माहितीपत्रकात हे उदाहरण म्हणून घातलं तर चालेल का. चैताली चालेल म्हणाली.

दुकानातून शंभूचा फोन आला, पलंग न्यायला कधी येऊ म्हणून. तिने सांगितलं की पलंग लागतो आहे. कोणाला, ते त्याने विचारलं नाही. कॉलेजातही कोणी विचारत नाही की वडील गेल्यावर कांताबाई कोणासाठी येतात. एकट्या बाईला सोबत लागतेच, असं सगळ्यांनी धरलं आहे.

तक्ता संपला की चैताली कॉलेजच्या मशीनवर त्याच्या नव्या प्रती काढून आणते. पंपाचं बटण चाळीसवर असतं. रविवार तिचा. ती वेळा चुकवत नाही, आणि वळवताना आता डोळे मिटत नाही. चेहरा अजून एकदाही दिसलेला नाही. पाठ मात्र दिसते, एखाद्या वेळी, आणि मागच्या महिन्यात तिला वाटलं की वाटीएवढी जागा थोडी आत ओढली गेली आहे, कडा गुलाबी धरते आहे. भरत असेल. अपूर्वा म्हणाली होती की मनापासून केलं तर भरतात, पण फार वेळ लागतो.

परवा, मंगळवारी, संध्याकाळी ती कामावरून आली. पर्स ठेवली, हात धुतले, खोलीत गेली. पंपाचा आवाज जरा जड वाटला. बटण शंभरवर होतं. पलंगाची दाराकडची बाजू खोलगट झाली होती, कठड्याला लागून, अगदी कडेला.

कांताबाई कपाटाशी उभ्या होत्या, हातात पेन. सहाच्या चौकोनात त्यांनी एक खूण केली, आणि तिच्या शेजारी दुसरी.

"तुमी आलाच हाय, तर तिकडून धरा," त्या म्हणाल्या. "म्हातारा जड हाय."

चैतालीने बाह्या वर सारल्या आणि कठडा खाली केला.